थाळनेर ते बऱ्हाणपूर : दहा दिवसांची पायी सफर

सुरतेला एके काळी बाब-उल-मक्का, म्हणजे मक्केचा दरवाजा, असे म्हणत. हिंदुस्थानच्या आतल्या मुलखातून हजला निघालेले लोक तेथून जहाजात बसत. उत्तरेकडचे आणि दख्खनचे कितीतरी हाजी बऱ्हाणपूरला गोळा होत आणि तापीच्या काठाकाठाने आपल्या खानदेशातून सुरत गाठत. व्यापाऱ्यांचे तांडे, फौजा, फकीर, सगळ्यांचा हाच रस्ता. इंग्लंडचा वकील सर थॉमस रो ३० ऑक्टोबर १६१५ रोजी सुरतेहून निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर करत १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपूरला पोहोचला. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट त्याने पंधरा दिवसांत पार केली. आज अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता बराचसा त्याच दिशेने जातो आणि त्यावरून केळीचे ट्रक धावतात.

या रस्त्याचा पूर्वेकडचा भाग, थाळनेर ते बऱ्हाणपूर, सुमारे दीडशे किलोमीटर, आम्ही मागच्या हिवाळ्यात पायी चाललो. आम्ही म्हणजे एकाच घरातली पाच माणसे : मुलांचे अब्बा, अम्मी, कॉलेजात शिकणारा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी आणि मुलांची फुफी, जिला घरात लहानथोर सगळे आपा म्हणतात. आपांचे वय एकसष्ट. शौहर गेल्यापासून चार वर्षांत त्या दवाखाना आणि लेकीचे घर यांपलीकडे कुठे गेल्या नव्हत्या. साखर वाढलेली, गुडघे धरलेले. डॉक्टर दर वेळी चालायला सांगत आणि आपा दर वेळी मान हलवून घरी येऊन बसत.

चालण्याची गोष्ट काढली ती मात्र त्यांनीच. चैत्रात सप्तशृंगीला निघालेले लोक धुळ्यातून जाताना दरवर्षी दिसतात. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, ती तर महिन्याहून जास्त चालते. त्यांत आपांच्या वयाच्या बायका असतात, त्यांच्याहून म्हाताऱ्याही असतात. आपा म्हणाल्या, "त्या बायकांचे पाय काय वेगळ्या मातीचे आहेत? आपल्या बायका का चालत नाहीत कुठे?" याला कोणाकडे उत्तर नव्हते.

नातेवाइकांकडे मात्र प्रश्न पुष्कळ होते. मन्नत आहे का? बायकांना घेऊन रस्त्याने हिंडायचे म्हणजे काय? दिवस कसे आहेत ते दिसत नाही का, अनोळखी गावात रात्री कोण दार उघडणार? हा शेवटचा प्रश्न आमच्याही मनात होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही इतकेच ठरवले की रस्ता एसटीचा आहे. ज्याला थांबायचे त्याने थांबावे, बसने घरी जावे, कोणी कोणाला काही विचारणार नाही. आपांसोबत सख्खा भाऊ होताच, त्यामुळे तीही बाजू नीट होती.

थाळनेर धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. आज ते एक साधे गाव वाटते, पण खानदेशच्या फारुकी सुलतानांची सुरुवात इथली. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली. पुढे तो स्वतंत्र झाला आणि १३९९ मध्ये वारला. त्याच्या घराण्याच्या कबरी गावात आहेत. त्यांतली एक अष्टकोनी इमारत दगडाच्या नक्षीकामाने अजूनही लक्ष वेधते. आम्ही तिथे फातिहा पढलो आणि सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्वेकडे निघालो.

पहिले तीन दिवस, खरे सांगायचे तर, पायांचेच होते. डोळे आजूबाजूला होते, पण लक्ष टाचांत आणि पोटऱ्यांत. पहिल्या दिवशी सोळा किलोमीटर चाललो आणि रात्री कोणाला नीट झोप लागली नाही. अंग दुखत होते आणि नव्या जागी कुत्र्यांचे भुंकणेही मोठे वाटत होते. दुसऱ्या दिवशी अनेर नदी मागे टाकून चोपडा तालुक्यात शिरलो तेव्हा मुलगी रडकुंडीला आलेली. तिसऱ्या दिवशी अडावदच्या वाटेवर आपांच्या डाव्या टाचेला फोड आला. त्या एसटीच्या थांब्यावर बसल्या. बस आली, कंडक्टरने विचारले, आपांनी हाताने नाही अशी खूण केली. बस गेली. कोणी काही बोलले नाही, ठरलेच होते तसे. दहा मिनिटांनी त्या उठल्या, पण त्या दिवशी पुढचे पाच किलोमीटर चालायला आम्हांला जवळपास अडीच तास लागले.

चौथ्या दिवसापासून काहीतरी बदलले. अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. तिथे सकाळी पाय शेकले, त्याचा गुण असेल, किंवा शरीरानेच हट्ट सोडला असेल. उठणे, बांधणे, चालणे, थांबणे यांचा एक क्रम बसला आणि तो कोणी न सांगता पाळला जाऊ लागला. तो क्रम वाचकांसाठी लिहितो, कारण तो नव्याने तयार करावा लागला नाही. तो आपल्याकडे आधीपासूनच आहे.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे चालायला अकरा तासांहून कमी उजेड. फज्रची नमाज पढून आवराआवर, चहा आणि रात्रीची भाकरी, की साडेसातला पाय रस्त्यावर. अकरापर्यंत दहा-अकरा किलोमीटर होत. मग सावली, पाणी आणि विहीर शोधायची. जेवण, जोहर, तासभर आडवे होणे. तीन वाजता पुन्हा निघायचे. अस्रसाठी थांबायचे आणि मगरिबच्या आधी मुक्कामाचे गाव गाठायचे, हा नियम एकदाही मोडला नाही. अंधारात या रस्त्यावर चालू नये. ट्रक फार. जिथे जमले तिथे आम्ही शेतांतली पाणंद किंवा कालव्याचा भराव धरला. हतनूर धरणाचा उजवा कालवा यावल-चोपड्याकडे येतो, त्याच्या कडेने चालणे फार सुखाचे. जिथे डांबरी रस्त्याशिवाय इलाज नव्हता तिथे उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा रीतीने, एका रांगेत चाललो.

निघण्यापूर्वी मोहल्ल्याच्या इमामसाहेबांकडून सफरीचे मसले समजून घेतले होते. हनफी मसलकात अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे साधारण सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटर किंवा अधिक अंतराच्या इराद्याने वस्ती सोडली आणि कुठे पंधरा दिवस राहण्याचा इरादा नसला की माणूस मुसाफिर. जोहर, अस्र आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फज्र आणि मगरिब तेवढेच राहतात. स्थानिक इमामामागे उभे राहिलो तर चार पूर्ण करायचे. हे सगळे पुस्तकात वाचलेले असते, पण दमलेल्या पायांनी शेताच्या बांधावर उभे राहून दोन रकातींवर सलाम फेरला तेव्हा ही सवलत म्हणजे केवढी रहमत आहे ते कळले.

दुसरी रहमत वुजूची. साध्या सुती मोज्यांवर मसह होत नाही असे इमामसाहेबांनी सांगितले होते, म्हणून प्रत्येक वेळी मोजे काढून पाय धुणे आले. सुरुवातीला मुलाला हे जिकिरीचे वाटले. पण लांब चालणाऱ्याच्या पायांचे शत्रू तीनच : घाम, धूळ आणि घर्षण. दिवसातून पाच वेळा पाय उघडे होतात, धुतले जातात, बोटांच्या फटींपर्यंत पाहिले जातात. कुठे लाल झाले असेल ते फोड येण्याआधीच दिसते. फक्त एक काळजी घ्यायची. पाय पूर्ण कोरडे केल्याशिवाय मोजे चढवायचे नाहीत. अम्मीने प्रत्येकाला पायांसाठी वेगळा पंचा दिला होता. साखरेचा आजार असलेल्यांनी तर हे रोज करावेच, कारण त्यांना जखम पटकन जाणवत नाही. आपांचा फोड चिघळला नाही याचे श्रेय आम्ही याच पाच वेळच्या धुण्याला देतो.

सामान प्रत्येकी पाच किलोपेक्षा जास्त नव्हते. दोन जोड कपडे, एक जाड चादर, स्वेटर, पाण्याची बाटली, हलकी जानमाज, आपांच्या गोळ्या आणि साखर तपासायचे यंत्र, खडीसाखर, सुई-दोरा, मेणबत्ती, टॉर्च. पाचव्या दिवशी कपडे धुण्याची पाळी ठरली. अम्मी आणि मुलगी दोघींनीच धुवावे असे कोणी म्हटले नाही. विहिरीवर बाप-लेक कपडे आपटताना पाहून तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ओले कपडे पाठीवरच्या पिशवीला बांधून चालले की दुपारपर्यंत वाळतात. घरी ज्या कामांवरून कुरबुर होते ती वाटेवर कशी वाटली जातात, हे पाहण्यासारखे होते. वाटेवर प्रत्येकाला दिसते की दुसराही तेवढाच दमला आहे.

खाण्याची ददात खानदेशात पडत नाही. दादरची किंवा कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत, कुठे शेवभाजी. हिवाळ्यात हरभऱ्याचे घाटे सोलत चालता येते आणि यावल-रावेरच्या पट्ट्यात केळी तर कोणीही हातावर ठेवते. केळीच्या बागांमधून चालणे थंडीत काहीसे ऊबदार असते आणि पानांची सळसळ पावसासारखी ऐकू येते. उत्तरेला सातपुडा सतत सोबत असतो. दहा दिवस तो डाव्या हाताला होता, त्यामुळे दिशा कधी चुकली नाही. त्यातून उतरणाऱ्या नद्या, मोर, सुकी, भोकर, बहुतेक कोरड्या होत्या. पुलांखालच्या वाळूत शेळ्या बसलेल्या.

लोक विचारत, "कोणती दिंडी?" पायी चालणारा माणूस म्हणजे दिंडीचा, हे त्यांच्या मनात पक्के. आम्ही सांगत, दिंडी नाही, बऱ्हाणपूरला चाललो आहोत, घरचेच लोक आहोत. पुढचा प्रश्न ठरलेला : "पायी कशाला?" आपा उत्तर देत, "डॉक्टरने सांगितले, चाला. म्हटले एकदाच काय ते चालून घ्यावे." मग हसणे, मग पाणी, मग चहा. जी धास्ती घेऊन निघालो होतो ती अशी चहाबरोबर थोडी थोडी विरत गेली. सगळीकडे असेच झाले असे नाही. दोन ठिकाणी नाव विचारल्यावर बोलणे आखडले आणि आम्ही पुढे चाललो. पण दहा दिवसांत दोन. ही गणतीही लिहून ठेवली पाहिजे.

एक प्रसंग मात्र मनाला लागला आणि तो आपल्याच दारातला आहे. एका गावी अस्रच्या वेळी पोहोचलो. मस्जिद चांगली, नवी फरशी, वुजूचे नळ. पुरुषांना अडचण नव्हती. अम्मी, आपा आणि मुलगी बाहेर उभ्या. बायकांसाठी वुजूची जागा नाही, आडोसा नाही, शौचालय आहे पण ते पुरुषांच्या रांगेतून जाऊन. तिथल्या बुजुर्गांनी अदबीने सांगितले, "इथे बायका येत नाहीत, म्हणून व्यवस्था नाही." ते वाईट हेतूने बोलले नाहीत. पण साखरेच्या आजाराने लघवी वारंवार लागणारी एकसष्ट वर्षांची बाई सकाळपासून चालून आली आहे, तिने जायचे कुठे? शेवटी रस्त्यापलीकडच्या एका लेवा पाटीदार शेतकऱ्याच्या घरातल्या बाईंनी ते पाहिले. त्यांनी तिघींना आत नेले, न्हाणीघर दाखवले, ओसरीवर धुतलेली चादर अंथरली आणि विचारले, "कोणत्या बाजूला तोंड करायचे असते? मी ती कपबशी हलवते." तिघींनी तिथे नमाज पढली. चहा पिऊन निघताना आपांनी त्या बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढचा तासभर त्या गप्प चालत होत्या.

त्याच्या दुसऱ्याच रात्री आम्ही सातपुड्याच्या पायथ्याला एका तडवी कुटुंबाकडे राहिलो. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत डोंगराच्या कडेने तडवी भिल्लांची गावे आहेत. आदिवासी आणि मुस्लिम, दोन्ही. शहरातल्या आपल्या लोकांना त्यांची ओळख फारशी नसते. दोन खोल्यांचे घर. त्यांतली एक त्यांनी रिकामी करून बायकांना दिली आणि स्वतः शेजारी झोपायला गेले. भाकरी, उडदाची डाळ, तिखट चटणी. पैसे पुढे केले तर घरधन्याला राग आला. "मुसाफिराकडून घेतात का?" एवढेच म्हणाले. सकाळी त्यांच्या म्हाताऱ्या आईने आपांच्या टाचेला कसला तरी पाला वाटून बांधला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या आजारांविषयी असे बोलत होत्या की जणू माहेर एकच.

यावलला जुमा मिळाला. मुसाफिरावर तो फर्ज नाही, तरी जमातीत उभे राहण्याचे समाधान वेगळे. फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये झाले होते आणि पंडित नेहरू अध्यक्ष होते, हे मुलीला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होते. पण फैजपूरला पायी पोहोचल्यावर तिने पहिल्यांदा विचारले, "तेव्हा एवढे लोक इथे आले कसे असतील?" इतिहासातले लोकही पायीच येत-जात, हे पायांतून कळले की वेगळेच कळते. सावदा, मग रावेर. आता आपा सगळ्यांच्या पुढे चालत. साखर रोज तपासत होतो आणि आकडा उतरत होता. डॉक्टरांशी फोनवर बोलून एक गोळी कमी केली. हे आपल्या मनाने कोणी करू नये. जास्त चालल्याने साखर अचानक घसरूही शकते, म्हणून खडीसाखर त्यांच्या हाताशीच ठेवली होती.

दहाव्या दिवशी दुपारी बऱ्हाणपूर आले. मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने वसवलेले आणि खुलदाबादच्या हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या नावाने ओळखले जाणारे शहर. इथली जामा मस्जिद फारुकी सुलतान राजा अली खान याच्या काळातली. तिच्यात अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. अब्दुर्रहीम खान-ए-खानानने इथे जमिनीखालून पाणी आणण्याची योजना करवली. ती कुंडी भंडारा म्हणून आजही पाहता येते. त्याच काळातली अकबरी सराईही आहे. थॉमस रो बऱ्हाणपूरला पोहोचला तेव्हा त्याला सराईतल्या खोल्या भट्टीसारख्या वाटल्या आणि त्याने आपल्या तंबूतच झोपणे पसंत केले. त्याला आवडल्या नसतील, पण दूरवरून आलेल्या थकल्या माणसाला छत मिळावे ही व्यवस्था चारशे वर्षांपूर्वी होती, एवढे मात्र त्यातून सिद्ध होते.

आणि म्हणून हे लिहिले. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यांत वाटसरूही आहे. आपण गरीब, यतीम, कर्जदार लक्षात ठेवतो, वाटसरूला विसरतो. गाड्या आल्या, लॉज आले, वाटसरू उरला कुठे, असे आपल्याला वाटते. पण रस्त्यावर आजही पुष्कळ लोक आहेत. दवाखान्यासाठी तालुक्याला आलेली बाई, परीक्षेला आलेली मुलगी, बस चुकलेले म्हातारे जोडपे, ऊसतोडीला निघालेली कुटुंबे. त्यांना लागते ते फार थोडे. प्रत्येक रस्त्यालगतच्या मस्जिदीत बायकांसाठी वेगळ्या दाराचे एक शौचालय, दोन नळ, पडद्याआड चार जणींना नमाज पढता येईल एवढी जागा आणि चावी कोणाकडे आहे ते सांगणारी एक पाटी. नव्या फरशीपेक्षा याला खर्च कमी येतो. आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीपुढे आपांनी स्वतः ही गोष्ट मांडली. जिन्याखालची भंगाराची खोली रिकामी झाली आहे, नळाचे काम चालू आहे. इन्शाअल्लाह रमजानपूर्वी पूर्ण होईल.

ज्यांना असे चालावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडक्यात : डिसेंबर-जानेवारी निवडा. निघण्यापूर्वी महिनाभर रोज तासभर चाला, आणि तेच बूट घालून चाला जे वाटेवर घालणार आहात. रोज पंधरा-वीस किलोमीटरपेक्षा जास्त ठरवू नका. घरात जो सर्वांत हळू चालतो त्याला पुढे ठेवा. मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना आधी भेटा, कुठून आलो, कुठे चाललो ते सांगा, ओळखपत्र दाखवा. आणि ज्याने पाणी दिले त्याच्यासाठी दुआ करा, तो कोणीही असो. मुसाफिराची दुआ कबूल होते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

बऱ्हाणपूरहून रेल्वेने आणि पुढे बसने घरी यायला अर्धा दिवस लागला. आपा आता फज्रनंतर मोहल्ल्यातल्या तिघी-चौघींना घेऊन पांझरेच्या काठाने चालतात. पुढच्या हिवाळ्यासाठी त्यांनी नकाशा मागवला आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून खुलदाबाद. ज्यांच्या नावाचे शहर पाहिले, त्यांच्या मजारीवर सलाम करायला.